आम्हाला विचारलंत का? लाइपझिगच्या एका चौकाची कहाणी



स्मृतिव्याख्यानाची सुरुवात ज्यांच्या स्मरणार्थ ते होतं त्यांच्या गौरवानं करावी, अशी रीत आहे. पण ज्यांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते त्यांचा स्वभाव इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. स्वतःची स्तुती त्यांना ऐकवत नसे. वाद मात्र रात्री बारापर्यंत रंगला तरी चाले. म्हणून त्यांना नमस्कार करून मी थेट विषयाकडे वळतो.

विषय आहे एक चौक. जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनी राज्यात, लाइपझिग नावाचं शहर आहे. त्याच्या ऐन मध्यवस्तीत आउगुस्टुसप्लाट्झ हा चौक आहे. बर्लिनची भिंत सगळ्यांना माहीत असते. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री ती उघडली आणि लोक तिच्यावर चढून नाचले. पण त्या भिंतीचं भवितव्य बरोबर एक महिना आधी, ९ ऑक्टोबरला, लाइपझिगमध्ये ठरलं होतं, असं मी मानतो. आणि त्या ऑक्टोबरचं मूळ शोधू गेलं तर आणखी २१ वर्षं मागं, याच चौकातल्या एका पाडकामापर्यंत जावं लागतं.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. शहरातली मोकळी जागा कोणाची, हा प्रश्न सातबारा पाहून सुटत नाही. त्या जागेचं काय करायचं हे ठरवताना कोणाला विचारलं होतं, यावर तो सुटतो किंवा चिघळतो.

आधी चौक डोळ्यांसमोर आणू या. आपल्या चौकासारखी ही चार रस्त्यांची गाठ नाही. हे फरसबंद मैदान आहे, सुमारे ४०,००० चौरस मीटरचं, म्हणजे जवळजवळ दहा एकर. उत्तरेला ऑपेरागृह. त्याच्या समोर, दक्षिणेला, गेवांडहाउस, म्हणजे लाइपझिगच्या नामांकित वाद्यवृंदाचं सभागृह. त्याच्यासमोर १८८६ सालचं मेंडे कारंजं, मधोमध उंच शिळास्तंभ असलेलं. पश्चिमेला विद्यापीठ. तिथंच १४२ मीटर उंच मनोरा, उघडून उभ्या ठेवलेल्या पुस्तकाच्या आकाराचा. लाइपझिगकर त्याला अक्कलदाढ म्हणतात. ट्रामच्या कितीतरी मार्गांची इथं गाठ पडते. संगीत, विद्या आणि रोजची वर्दळ एकाच पटांगणाच्या काठावर उभी आहेत, असं दृश्य युरोपातही फार ठिकाणी सापडत नाही.

मध्ययुगात ही जागा शहराच्या वेशीबाहेर होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी तटबंदी निरुपयोगी झाली, पाडली गेली, आणि वेशीबाहेरची जागा हळूहळू शहराचा दिवाणखाना बनली. सॅक्सनीचा पहिला राजा फ्रीडरिश आउगुस्ट याचं नाव तिला मिळालं. एकोणिसाव्या शतकात तिच्या कडेनं नाट्यगृह, चित्रसंग्रहालय, टपाल कार्यालय आणि विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली. लाइपझिग विद्यापीठ १४०९ सालचं. एकोणिसावं शतक संपता संपता कार्ल ब्रुगमान यांच्यासारखे भाषाशास्त्री तिथं शिकवत होते आणि भाषांचा तौलनिक अभ्यास करू पाहणाऱ्याला लाइपझिग टाळून पुढं जाता येत नव्हतं. आपल्या पुण्याचे डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी पीएच.डी. मिळवली ती याच विद्यापीठाची. प्राकृत-अपभ्रंशाच्या अभ्यासकांना त्यांचं नाव नवं नाही. त्यांची पावलं या चौकातून उमटली असणार, हे मनात येऊन मला तो चौक थोडा जवळचा वाटतो, एवढंच.

या सगळ्या इमारतींत वयानं सर्वांत वडील होतं एक चर्च. पाउलिनरकिर्शं, म्हणजे सेंट पॉलचं चर्च. मुळात डॉमिनिकन साधूंच्या मठाचं. धर्मसुधारणेनंतर मठ विद्यापीठाला मिळाला आणि १५४५ साली खुद्द मार्टिन ल्यूथरनं प्रवचन देऊन ते विद्यापीठाचं चर्च म्हणून समर्पित केलं. योहान सेबास्टियन बाखनं तिथं संगीत सादर केलं. १७२७ साली राणीच्या निधनानंतरच्या शोकसभेसाठी त्यानं रचलेलं गीत पहिल्यांदा याच छताखाली वाजलं. १८४७ साली संगीतकार मेंडेल्सझोन वारला तेव्हा त्याला शेवटचा निरोप इथंच दिला गेला. प्राध्यापकांना इथं पुरत. पदवीदानाचे समारंभ इथं होत. म्हणजे पूजा-प्रार्थनेची जागा आणि विद्यापीठाचं सभागृह ही दोन्ही कामं ती वास्तू शतकानुशतकं सांभाळत आली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं भांडण यावरच झालं.

नाझी काळाबद्दल थोडक्यात सांगतो, पण वगळत नाही. चौकाच्या पश्चिमेला एक उंच इमारत आहे, हान्स क्रोख या ज्यू पेढीवाल्यानं १९२८ च्या सुमारास बांधलेली. लाइपझिगमधली ती पहिली गगनचुंबी इमारत. माथ्यावर दोन धिप्पाड पुतळे घंटेवर घण घालतात, व्हेनिसच्या घड्याळ-मनोऱ्यासारखे. १९३८ साली क्रोखला अटक झाली, छळछावणीत नेलं, पेढी सोडून दे अशी सही घेतली. तो देशाबाहेर निसटला. त्याच्या पत्नीला ते जमलं नाही; तिला नाझींनी मारलं. इमारत अजून उभी आहे, घण अजून पडतात, आत विद्यापीठाचं इजिप्तविषयक संग्रहालय आहे. ज्यानं चौकाला वेळ दाखवली त्याला त्याच शहरात राहू दिलं गेलं नाही. चौकाची कहाणी सांगताना लोक १९६८ आणि १९८९ वर थांबतात. मला ते बरोबर वाटत नाही. या चौकात न विचारता हिरावून घेण्याची सुरुवात कम्युनिस्टांनी केलेली नाही.

मग युद्ध आलं. ४ डिसेंबर १९४३ च्या पहाटे ब्रिटिश बाँबवर्षावात नाट्यगृह गेलं, संग्रहालय गेलं, विद्यापीठाची इमारत जळाली. आणि चर्च? चर्च वाचलं. खिडक्या फुटल्या असतील, पण कमानी, छत, वेदी, सगळं शाबूत. शहरातल्या कॅथलिकांचं स्वतःचं चर्च बाँबनं गेलं होतं. पुढं त्यांना या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जागा मिळाली. ल्यूथरनं समर्पित केलेल्या वास्तूत कॅथलिक मिस्सा होऊ लागली! ज्या खंडात या दोन पंथांनी एकमेकांचं रक्त सांडलं तिथं ही गोष्ट साधी नव्हे.

बाँबमधून जे वाचलं ते शांततेच्या काळात गेलं. कसं, ते सांगतो.

युद्धानंतर लाइपझिग पूर्व जर्मनीत आलं. चौकाचं नाव बदलून कार्ल-मार्क्स-प्लाट्झ झालं. १९६० मध्ये नवं ऑपेरागृह उघडलं. ते चांगलं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण समाजवादी शहराच्या समाजवादी चौकात गॉथिक चर्च कशाला, असा विचार वरच्या गोटात बळावत गेला. देशाचे सर्वेसर्वा वाल्टर उलब्रिख्ट हे मूळचे लाइपझिगचेच. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे जिल्हा सचिव पाउल फ्र्योलिश त्यांच्या मर्जीतले. आराखडे झाले. चर्च थोडं सरकवता येईल का, नव्या इमारतीत सामावून घेता येईल का, असे पर्याय वास्तुरचनाकारांनी सुचवले होते. धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी विरोध नोंदवला. लोकांनी पत्रं लिहिली. मंडळी, ही पत्रं लिहिणं आपल्याकडच्या अर्ज-विनंत्यांसारखं नव्हतं. खाली सही करणाऱ्याला ठाऊक असे की आपलं नाव एका फाइलमध्ये जाणार आहे आणि ती फाइल बंद होणार नाही.

२३ मे १९६८. त्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण होता आणि चर्चमध्ये शेवटच्या प्रार्थना झाल्या. त्याच दिवशी नगरसभेत ठराव आला. विरोधात मत किती? एक. फक्त एक. नगरसभेत लोकांचे प्रतिनिधी बसले होते, म्हणजे कागदोपत्री लोकांना विचारलं होतं! पण विचारणं म्हणजे काय? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला विचारणं हे विचारणं असतं का?

ठराव झाला आणि एका आठवड्यात चर्च गेलं. एक आठवडा! त्या सात दिवसांत वास्तू-जतनाचं काम करणाऱ्या माणसांना आणि कारागिरांना हाताला लागेल ते बाहेर काढायची परवानगी मिळाली. एकीकडे सुरुंगासाठी भिंतींना भोकं पाडली जात होती, आणि दुसरीकडे ही माणसं मध्ययुगीन वेदी उतरवत होती, प्राध्यापकांचे स्मृतिफलक भिंतीतून सोडवत होती, अठराव्या शतकातलं कोरीव प्रवचनपीठ सुटं करत होती. किती वाचलं, किती राहिलं, किती चोरीला गेलं याची यादी वाचताना जीव कळवळतो. फरशीखाली शेकडो माणसं पुरलेली होती. त्यांना नीट उचलायला वेळच नव्हता. बाहेर चौकात लोक कडं करून उभे राहत. कोणी फुलं ठेवी. पोलीस पांगवत, पकडून नेत.

३० मे, सकाळी दहा. सुरुंग उडाले. छपरावरचा निमुळता मनोरा कलला, आणि सातशे वर्षांची वास्तू काही सेकंदांत धुळीच्या लोटात दिसेनाशी झाली. राडारोडा शहराबाहेरच्या वाळूच्या खाणीत नेऊन ओतला. शेजारची विद्यापीठाची जुनी इमारतही त्यानंतर पाडली. जिथं वेदी होती त्या बाजूला पुढं विद्यापीठाची नवी इमारत आली आणि तिच्या दर्शनी भागावर १९७४ मध्ये कार्ल मार्क्सचं कांस्यशिल्प बसवलं, वजन ३३ टन.

आता मला तुम्हाला एका घड्याळाबद्दल सांगायचं आहे.

स्फोटानंतर तीन आठवड्यांनी, २० जून १९६८ ला, लाइपझिगच्या काँग्रेसहालेमध्ये आंतरराष्ट्रीय बाख स्पर्धेचा सांगता समारंभ होता. सभागृह भरलेलं, परदेशी पाहुणे, सरकारी मान्यवर पुढच्या रांगेत. कार्यक्रम चालू असताना मंचाच्या वर आपोआप एक मोठा कापडी फलक उलगडला. त्यावर पाडलेल्या चर्चची रेखाकृती आणि मागणी: पुन्हा बांधा. उलगडणारा माणूस कुठंच नव्हता. वर नाट्यमंचाच्या दोरखंडांत एक गजराचं घड्याळ बांधलं होतं. ठरल्या वेळी घड्याळाची चावी फिरली, दोरी सुटली आणि फलक खाली आला. सभागृहानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या थांबेनात. विचार करा. अंधारात बसलेल्या श्रोत्यांच्या टाळ्यांत कोणता हात कोणाचा हे गुप्त पोलिसांनाही ओळखता येत नाही. ज्या शहराला कोणी विचारलं नव्हतं त्यानं त्या संध्याकाळी उत्तर देऊन टाकलं.

हे करणारे कोण? तरुण भौतिकशास्त्रज्ञ. त्यांतले हाराल्ड फ्रिट्श आणि श्टेफान वेल्त्स्क त्याच उन्हाळ्यात घडीच्या होडीतून बल्गेरियाहून काळा समुद्र ओलांडून तुर्कस्तानला पोहोचले. फ्रिट्श पुढं मरे गेल-मान यांच्याबरोबर काम करून कणभौतिकीतले मोठे शास्त्रज्ञ झाले. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाचा सिद्धान्त घडवणाऱ्यांत त्यांचं नाव येतं. दीट्रिश कोख मात्र मागं राहिले. ते १९७० मध्ये पकडले गेले, तुरुंगात गेले, वर मनोरुग्णालयात कोंडण्याचा हुकूमही झाला. एका कापडाच्या फलकासाठी. त्या पिढीनं दिलेली ही किंमत आहे, आणि ती देणारे बहुतेक श्रद्धाळू ख्रिस्ती होते असंही समजू नका. चर्चला कधी न जाणाऱ्यांनाही ते पाडणं झोंबलं होतं. कारण प्रश्न देवाचा नव्हता. आमच्या शहराच्या काळजातली वास्तू तुम्ही आम्हाला न विचारता उडवलीत, हा तो प्रश्न होता.

त्यानंतर चौक मोठा दिसू लागला. रुंद, मोकळा, सरकारी संचलनाला साजेसा. १९८१ मध्ये दक्षिणेला नवं गेवांडहाउस उभं राहिलं; त्यासाठी संगीत-दिग्दर्शक कुर्ट माझुर यांनी सरकारदरबारी वजन खर्च केलं होतं. हे नाव ध्यानात असू द्या.

चौकापासून दोन-तीन मिनिटांवर निकोलायकिर्शं आहे. १९८२ पासून तिथं दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना होत. पाद्री क्रिस्टिआन फ्युरर यांनी चर्चचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं होतं, श्रद्धा असो वा नसो. आधी मूठभर लोक येत. १९८९ च्या सप्टेंबरात प्रार्थनेनंतर लोक बाहेरच थांबू लागले, मग चालू लागले. सोमवारमागून सोमवार आकडा वाढत गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये जगाच्या दुसऱ्या एका चौकात काय झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल. बीजिंगच्या तिआनआनमेनमध्ये रणगाडे फिरले होते. पूर्व जर्मनीच्या संसदेनं चीन सरकारची बाजू घेतली होती. ७ ऑक्टोबरला देशाचा चाळिसावा वर्धापनदिन साजरा झाला, आणि त्याच दिवशी लाइपझिगमध्ये निदर्शकांना झोडपून गाड्यांत कोंबलं गेलं. त्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात एका सशस्त्र कामगार पथकाच्या प्रमुखाचं पत्र छापून आलं होतं: गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन आम्ही समाजवाद राखू. त्यानंतरचा सोमवार म्हणजे ९ ऑक्टोबर. आई-वडिलांना निरोप आले, मुलांना पाळणाघरातून लवकर न्या, शहराच्या मध्यभागी जाऊ नका. इस्पितळांत रक्ताचा साठा वाढवला आहे, अशी कुजबुज होती. हजारो पोलीस, सैनिक आणि कामगार पथकं रस्त्यांच्या तोंडांशी उभी होती.

अशा दिवशी तुम्ही घराबाहेर पडला असता का? मी पडलो असतो का? हा प्रश्न मला त्या चौकात उभं राहिल्यावर प्रत्येक वेळी छळतो आणि त्याचं छातीठोक उत्तर माझ्यापाशी नाही.

सत्तर हजार लोक आले. पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात सत्तर हजार! निकोलायकिर्शंमध्ये पक्षानं आपले शेकडो सदस्य दुपारीच आणून बसवले होते, जागा अडवायला. ते बसले आणि प्रार्थना ऐकत राहिले. प्रार्थना संपली तेव्हा बाहेरचं अंगण, गल्ल्या आणि कार्ल-मार्क्स-प्लाट्झ माणसांनी फुलून गेलं होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास शहरभर लावलेल्या सार्वजनिक ध्वनिवर्धकांवरून एक आवाज घुमला. कुर्ट माझुर यांचा. सहा जणांचं निवेदन ते वाचत होते. त्यांत स्वतः माझुर, एक धर्मशास्त्रज्ञ, एक विनोदी नाट्यकलावंत, आणि ऐका, पक्षाचेच तीन जिल्हा सचिव. त्या तिघांनी बर्लिनची परवानगी घेतली नव्हती. देशाच्या भवितव्याबद्दल मोकळी चर्चा व्हायला हवी, ती घडवून आणायला आम्ही झटू, दोन्ही बाजूंनी डोकं शांत ठेवा, असा त्याचा आशय. ज्या राज्यात चाळीस वर्षं कोणी विचारलं नव्हतं तिथं विचारण्याचं वचन प्रथमच जाहीरपणे, ध्वनिवर्धकावरून, दिलं गेलं.

मग लोक निघाले. चौकातून उत्तरेला ऑपेरागृहावरून रेल्वे स्थानकाकडे, आणि तिथून शहराभोवतीच्या वर्तुळ रस्त्यानं. घोषणा दोन. हिंसा नको. आणि आम्हीच जनता आहोत. वाटेत गुप्त पोलिसांची कचेरी लागते. तिथं काय होईल याची सर्वांत जास्त धास्ती होती. लोकांनीच लोकांना सांभाळलं. एक दगड पडला नाही. स्थानकाजवळ पोलीस अधिकाऱ्यांना समोरची गर्दी दिसत होती आणि वरून आदेश येत नव्हता. शेवटी त्यांनी आपली माणसं मागं घेतली. एका चर्चच्या मनोऱ्यावर चढलेल्या दोन तरुणांनी हे सगळं चोरून चित्रित केलं. फीत पश्चिमेला पोहोचली आणि दुसऱ्या रात्री तिथल्या दूरचित्रवाणीवर दिसली. ती पूर्वेतल्या घराघरांतही पाहिली गेली. पुढच्या सोमवारी गर्दी आणखी वाढली, त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी.

एक गोष्ट बघा. चौक एवढा मोकळा, एवढा रुंद कोणी केला होता? सरकारनं स्वतः. चर्च पाडून, जुन्या इमारती पाडून, आपल्या मिरवणुकांसाठी. बांधणाऱ्याला जागेचा आकार ठरवता येतो. तिथं उद्या कोण उभं राहील हे त्याच्या हातात नसतं.

आणि दिलेलं वचन पाळलं गेलं. २२ ऑक्टोबरच्या रविवारी गेवांडहाउसमध्ये खुल्या चर्चा सुरू झाल्या. कार्ल-मार्क्स-प्लाट्झवरचा संवाद, असंच त्यांना नाव होतं. नागरिक उठत, अधिकाऱ्यांना तोंडावर विचारत: शहरातली हवा इतकी विषारी का? घरं का कोसळतायत? निवडणुकीत आकडे कोणी फिरवले? संगीत सभागृहात त्या महिन्यांत झालेली ही जुगलबंदी मला तिथल्या कुठल्याही मैफलीइतकीच थोर वाटते.

१९९० मध्ये चौकाला जुनं नाव परत मिळालं. इथं गोष्ट संपवली तर टाळ्या मिळतील. पण खरी कसोटी यानंतर लागली.

चर्च पुन्हा बांधायचं का? ड्रेस्डेनला फ्राउएनकिर्शं हे चर्च दगडावर दगड रचून पुन्हा उभं राहिलं, २००५ मध्ये पूर्ण झालं. मग लाइपझिगला का नको? एक बाजू म्हणाली, अन्यायानं पाडलं, न्याय म्हणून जसंच्या तसं उभारा. नोबेलविजेते जीवशास्त्रज्ञ ग्युंटर ब्लोबेल यांच्यासारखी माणसं या बाजूला होती. दुसरी बाजू विद्यापीठाची. ती म्हणाली, आम्हाला सभागृह हवं, वर्गखोल्या हव्यात. एकविसाव्या शतकातल्या धर्मनिरपेक्ष विद्यापीठाला मध्ययुगाची नक्कल नको. २००३ साली राज्य सरकारनं पुनर्बांधणीच्या बाजूनं कौल दिला तेव्हा कुलगुरू आणि त्यांचे सहकारी राजीनामे देऊन मोकळे झाले. त्यांची तक्रार काय होती? आम्हाला विचारलं नाहीत! पस्तीस वर्षांनी तेच वाक्य, या खेपेला दुसऱ्या तोंडून. आणि मला वाटतं, त्यांचं म्हणणं रास्त होतं. चांगल्या हेतूनं न विचारणं हेही न विचारणंच असतं.

मग स्पर्धा झाली, डच वास्तुरचनाकार एरिक फान एगेराट यांचा आराखडा निवडला गेला. विद्यापीठाच्या सहाशेव्या वर्धापनदिनाला, २००९ मध्ये, इमारत तयार हवी होती. झाली नाही. वाद, वाढता खर्च, मध्येच वास्तुरचनाकाराच्या संस्थेचं दिवाळं. उद्घाटनाला २०१७ चा डिसेंबर उजाडला. नाव ठेवलं पाउलिनुम. आणि त्यापुढं सभागृह आणि विद्यापीठ चर्च, दोन्ही. चौकातून पाहिलं तर जुन्या चर्चचा उंच त्रिकोणी माथा दिसतो, पण काचेचा आणि धातूचा. मधली मोठी गोल खिडकी मध्यापासून सरकलेली, जणू स्फोटाच्या धक्क्यानं जागची हललेली. आत गेलं की डोक्यावर जुन्या कमानींची जाळी पांढरीशुभ्र उमटलेली आहे. खांब काचेचे, आतून उजळलेले. आणि त्यांतले काही जमिनीपर्यंत येतच नाहीत. वरून निघतात आणि माणसाच्या डोक्यावर अधांतरी थांबतात. मी त्यांच्याखाली बराच वेळ उभा होतो. तिथं पूर्वी खांब होता आणि आता नाही, हे सांगायला याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही. शेवटाला काचेची उंच भिंत आहे. तिच्या पलीकडे ती १९६८ मध्ये वाचवलेली वेदी आणि स्मृतिफलक. रविवारी ती बाजू चर्च, इतर दिवशी अलीकडची बाजू सभागृह, कधी दोन्ही एक.

पुष्कळांना ही तडजोड बेचव वाटते. मला नाही वाटत. स्फोट काही सेकंदांचा होता, त्याचा निर्णय एका आठवड्याचा. पुन्हा उभं करायला १९९० पासून २७ वर्षं लागली, कारण या खेपेला विद्यापीठाला, चर्चला, नागरिकांना, राज्याला, सगळ्यांना विचारावं लागलं आणि सगळ्यांना नाही म्हणायची मुभा होती. त्या २७ वर्षांना मी दिरंगाई म्हणायला तयार नाही. मार्क्सच्या शिल्पाचंही तसंच झालं. वितळवा, म्हणणारे होते; ठेवा, म्हणणारे होते. अखेर २००८ मध्ये ते विद्यापीठाच्या दुसऱ्या आवारात हलवलं आणि शेजारी माहितीफलक लावला, चर्च कसं पाडलं हे सांगणारा. त्यांनी सुरुंग लावला नाही.

आता एक अवघड मुद्दा. ९ ऑक्टोबरला दरवर्षी या चौकात दिव्यांचा उत्सव होतो, हजारो लोक मेणबत्त्या घेऊन येतात. पण चौक फक्त त्यांचा नाही. २०१५ मध्ये निर्वासितांच्या आणि मुसलमानांच्या विरोधातले मोर्चे इथून निघाले, आणि तोंडी घोषणा तीच: आम्हीच जनता आहोत. त्यांच्या विरोधात त्यांच्याहून मोठे जमाव उभे राहिले, मध्ये पोलिसांचे कठडे. ७ नोव्हेंबर २०२० ला कोरोनाच्या निर्बंधांविरुद्धची सभा शहराच्या कडेला ढकलायचा नगरपालिकेचा प्रयत्न उच्च प्रशासकीय न्यायालयानं मोडून काढला. सभा या चौकातच झाली, आणि ती बरखास्त झाल्यावरही लोक १९८९ ची आठवण काढत वर्तुळ रस्त्यावर घुसले. मग काय म्हणायचं? यांनाही चौक द्यायचा?

माझं उत्तर आहे, हो, द्यायचा. जागा द्यायची. पण १९८९ चा मान त्याबरोबर मिळत नाही. त्या ऑक्टोबरातल्या माणसांनी त्यांच्यासारखंच शहरात राहणाऱ्या कोणालाही बाहेर काढा, असं म्हटलं नव्हतं; आम्हालाही मोजा, एवढंच म्हटलं होतं. समोर बंदूक असताना हिंसा नको म्हणणं आणि समोर लोकशाहीतला पोलीस असताना त्याचा कठडा तोडणं, यांतला फरक ज्याला दिसत नाही त्याला तो दाखवत राहणं हे आपल्यासारख्या, इतिहास वाचणाऱ्या माणसांचं काम आहे.

शेवटी त्या प्रवचनपीठाकडे येतो. १९६८ च्या मे महिन्यात सुटं करून वाचवलेलं ते कोरीव प्रवचनपीठ पाउलिनुममध्ये परत बसवायचं की नाही, यावर वाद पेटला आणि उद्घाटनानंतरही तो मिटला नाही. विद्यापीठाचं म्हणणं, सभागृहातली हवा जुन्या लाकडाला मानवणार नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ही सबब आहे, तुम्हाला सभागृहात चर्चची खूण नको. मोजमापं झाली, पत्रव्यवहार झाला, सभा झाल्या. मला विचाराल तर ते बसवावं. लाकडाची काळजी घेणारं तंत्र जर्मनांपाशी आहे, आणि ज्या माणसांनी सुरुंगाची भोकं पडत असताना ते उतरवलं त्यांनी ते कोठारात ठेवण्यासाठी उतरवलेलं नव्हतं. पण लाइपझिगमध्ये याच्या नेमकं उलट मत असणारी अभ्यासू, सरळ माणसं आहेत, आणि त्यांचीही बाजू ऐकण्यासारखी आहे.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही त्यांना आधी बोलू द्यावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.